तोलेंतिनोचा थॉमस: ठाण्याच्या फ्रान्सिस्कन हुतात्म्याचे चरित्र आणि त्याच्या वारशाचा वाद

१

इ. स. १३२१ च्या एप्रिल महिन्यात ठाणे येथे चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू मारले गेले. तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि दुभाष्याचे काम करणारा तिफ्लिसचा दिमित्री ही त्यांची नावे. देवगिरीच्या यादवांची सत्ता पूर्णपणे लयास जाऊन अवघी तीन वर्षे लोटली होती. ठाण्यात दिल्लीच्या सुलतानाचा मलिक कारभार पाहत होता. घटना मराठी मुलखातली, पण तिची कथा लिहिली गेली लॅटिनमध्ये. प्रस्तुत लेखात या चौघांपैकी ज्येष्ठ असलेल्या थॉमसच्या चरित्राचा आणि त्याच्या स्मृतीवर सांगितल्या गेलेल्या निरनिराळ्या हक्कांचा विचार करावयाचा आहे.

२

थॉमस हा इटलीतील मार्के प्रांताचा. संत फ्रान्सिसच्या निधनानंतर त्याच्या संघात अपरिग्रहाच्या प्रश्नावरून दोन तट पडले होते. संघाने घरे, कोठारे, द्रव्य यांचा संचय करावा की मूळ व्रताप्रमाणे सर्वस्वी निष्कांचन राहावे, हा वादाचा मुद्दा होता. थॉमस दुसऱ्या, म्हणजे कडव्या पक्षाचा. याच आग्रहापायी एंजेलो क्लारेनो आदी सोबत्यांसह त्याने स्वतःच्याच संघाच्या बंदिवासात काही वर्षे काढली. १२८९ मध्ये संघप्रमुख झालेल्या रेमंड गॉफ्रेदीने या मंडळींची सुटका केली आणि त्यांना किलिकियाच्या आर्मेनियात, राजा दुसरा हेथुम याच्याकडे पाठविले. पुढे थॉमस त्या राजाचा दूत म्हणून युरोपच्या दरबारांत गेला. चीनमध्ये कार्य करणाऱ्या मोंतेकोर्विनोच्या जॉनची पत्रे १३०७ मध्ये त्याने पोप पाचवा क्लेमेंट याच्यापुढे मांडली, आणि त्याच वर्षी जॉनची खानबालिकच्या, म्हणजे आजच्या बेजिंगच्या, आर्चबिशपपदी नेमणूक झाली. संघाने ज्याला कोंडले, त्याच्याच तोंडून पोपने पूर्वेचे वर्तमान ऐकावे, हा विरोधाभास ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

उतारवयात थॉमस पुन्हा पूर्वेकडे निघाला. होर्मुझहून कोल्लमकडे जावयाचे ठरले होते. पण वाऱ्यामुळे गलबत ठाण्यास लागले. बरोबर जॉर्डनस हा डोमिनिकन धर्मबंधू होता. ठाण्यातील नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबांनी पाहुण्यांना आसरा दिला. यजमानाच्या घरी नवराबायकोचे भांडण झाले, मारहाणीची तक्रार घेऊन पत्नी काझीकडे गेली आणि साक्षीदार म्हणून तिने या परदेशी साधूंची नावे सांगितली. काझीपुढे धर्मचर्चा उपस्थित झाली, आणि थेट प्रश्न येताच थॉमसने इस्लामच्या प्रेषिताविषयी अत्यंत कठोर शब्द उच्चारले. ९ एप्रिल रोजी थॉमस, जेम्स व दिमित्री यांचा वध झाला. सामानाच्या राखणीस मागे राहिलेला पीटर ११ एप्रिलला मारला गेला. जॉर्डनस भडोचकडे गेला असल्यामुळे वाचला. परत येऊन एका जिनोइज तरुणाच्या साहाय्याने त्याने मृतदेह सोपाऱ्यास नेऊन पुरले.

३

या घटनेचे दोन प्रमुख निवेदक आहेत. जॉर्डनसची पत्रे आटोपशीर आहेत. त्यांत सोबती गमावलेल्या माणसाचा एकाकीपणा आहे आणि नवे उपदेशक पाठवा ही विनवणी आहे. दुसरा निवेदक पोर्देनोनेचा ओदोरिक. तो घटनेनंतर ठाण्यास आला आणि त्याने आपला प्रवास १३३० मध्ये पादुआ येथे सांगून लिहवून घेतला. त्याच्या कथनात जेम्सचे दुहेरी अग्निदिव्य आहे, ते पाहून हेलावलेला जनसमुदाय आहे, आणि पुढे ओदोरिकने चीनमधील झैतूनपर्यंत नेलेल्या अस्थींचे चमत्कार आहेत. वारा पडून जहाज थांबले असता त्यांतले एक हाड समुद्रात टाकताच अनुकूल वारा सुटला, असे तो सांगतो.

थॉमसची लोकविश्रुत प्रतिमा घडली ती ओदोरिकच्या या कथनातून. मात्र त्याच कथनातील दोन तपशील पुढील वाचकांनी बहुधा नजरेआड केले. पहिला असा की, अग्निदिव्यानंतर मलिकाने या साधूंना सोडून दिले होते व खाडीपलीकडे पोहोचविले होते; काझीच्या आग्रहावरून मारेकरी नंतर रात्री गेले. दुसरा असा की, वार्ता कळताच दिल्लीच्या सुलतानाने मलिकालाच देहान्त शासन केले. सुलतानाच्या न्यायाची ही गोष्ट इतिहास म्हणून कितपत ग्राह्य आहे, हा प्रश्न वेगळा. परंतु निवेदकाला ती सांगावीशी वाटली, एवढे निश्चित. दोन धर्मांमधील सनातन वैराचा पुरावा म्हणून ही कथा वाचणाऱ्यांना या तपशिलांचे आणि ठाण्यात आधीपासून नांदत असलेल्या नेस्टोरियन घरांचे उत्तर द्यावे लागेल.

४

थॉमसच्या संघातही वाद मिटला नाही. त्याच्या मृत्यूपूर्वी तीन वर्षे, १३१८ मध्ये, त्याच्याच मताच्या चार फ्रान्सिस्कनांना मार्सेय येथे धर्मद्रोही ठरवून जाळण्यात आले होते. १३२३ मध्ये पोप बाविसावा जॉन याने ख्रिस्त व त्याचे शिष्य सर्वस्वी निष्कांचन होते हे मतच पाखंड ठरविले. अशा काळात ठाण्याच्या हुतात्म्याचा गौरव करणे म्हणजे अप्रत्यक्षपणे एका शंकास्पद पक्षाचा गौरव करणे होते. थॉमसच्या पूजनास रोमची मान्यता मिळाली ती १८९४ मध्ये, पोप तेरावा लिओ याच्या कारकीर्दीत. आणि तीही 'धन्य' या, संतपदाच्या अलीकडच्या पायरीवर. त्याच किनाऱ्यावरील वसईचा गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये नागासाकीस हुतात्मा झाला व १८६२ मध्ये संत ठरला. उत्तर कोकणच्या ख्रिस्ती समाजाच्या स्मृतीत साहजिकच या भूमिपुत्राचे स्थान मोठे आहे.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. १२२१ च्या नियमावलीत फ्रान्सिसने मुसलमानांमध्ये राहण्याचे दोन मार्ग सांगितले: वादविवाद न करता सर्वांच्या अधीन होऊन राहणे, आणि ईश्वरी इच्छा दिसल्यास उपदेश करणे. ठाण्यात थॉमसने कोणता मार्ग पत्करला? त्याच्या उत्तराला सत्यनिष्ठा म्हणावे की मृत्यूला दिलेले आमंत्रण? माझ्या मते, सत्तेपुढे न वाकण्याचे जे वळण त्याला संघाच्या तुरुंगात लागले, तेच काझीपुढे प्रकट झाले. त्याच्या चरित्राचे दोन भाग वेगळे काढता येत नाहीत. मात्र या निष्ठेची किंमत त्याला आसरा देणाऱ्या घरालाही भोगावी लागली असेल, याची खंत कथेत उमटत नाही, हे नोंदविले पाहिजे.

५

येथे मराठी परंपरेतील एका समकालीन कथेचे स्मरण होते. मंगळवेढ्यास गावकूस कोसळून चोखोबांचा अंत झाला तो परंपरेनुसार १३३८ मध्ये. ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या चोखोबांच्या, अशी ओळख पटवून नामदेवांनी त्या पंढरपुरास आणल्या, अशी आख्यायिका आहे. दोन दशकांच्या आत, एकाच भाषाप्रदेशात, अस्थिवहनाच्या या दोन कथा घडतात. त्यांतील भेद बोलका आहे. थॉमसच्या अस्थी वाहणाऱ्याचे काम करतात आणि भूमीपासून दूर जातात. चोखोबांच्या अस्थी नाम उच्चारतात आणि आपल्या देवाच्या दारी परततात. पण दाराशीच थांबतात. पहिल्या कथेत वारसदार परका आहे, दुसरीत वारसा आपला असूनही उंबरठा ओलांडता येत नाही. दोन्ही ठिकाणी मृताच्या वतीने दुसराच कोणी बोलतो, आणि वादाचे मूळ तेथेच आहे.

६

भाषेची सीमा आणि भूमीची सीमा एकच असते, असे मानण्याचा मोह साहित्येतिहासकारांनी आवरावयास हवा. मेलकावेरीपासून फार दूर नसलेल्या तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ चा भोसले घराण्याचा मराठी इतिहास तमिळ भूमीत कोरलेला आहे. त्याला मराठी साहित्याच्या कक्षेत घ्यावयाचे, तर ठाण्याच्या या लॅटिन चरित्रालाही मराठी प्रदेशाच्या वाङ्मयीन इतिहासात जागा द्यावी लागेल. हेन्री यूल यांच्या इंग्रजी अनुवादातून, १८६६ पासून, ही कथा भारतीय अभ्यासकांस उपलब्ध झाली. पण ती बहुधा प्रवासवर्णनातील एक प्रसंग म्हणूनच वाचली गेली. जॉर्डनसची पत्रे आणि ओदोरिकचे कथन मूळ लॅटिनवरून मराठीत आणणे व त्यांचे वाचन समकालीन महानुभाव आणि वारकरी संतचरित्रांच्या शेजारी करणे, हे काम तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकांनी अंगावर घेतले पाहिजे. त्याखेरीज थॉमसच्या वारशावर बोलण्याचा अधिकार ज्या भूमीत त्याचे रक्त सांडले तिला मिळणार नाही.