मधुमेह आणि कपभर दुधाचा चहा

गावात कोणाच्याही ओसरीवर पाऊल टाकले की चहा पुढे येतो. तो नाकारणे म्हणजे यजमानाचा उपमर्द, अशी समजूत आजही कायम आहे. ग्रामपंचायतीची मासिक सभा, शाळेची मधली सुट्टी, तालुक्याच्या कचेरीतील काम, यांपैकी काहीच चहावाचून पुरे होत नाही. अशा समाजात एखाद्यास मधुमेह असल्याचे निदान झाले म्हणजे घरची मंडळी प्रथम त्याचा चहा बंद करतात. काही दिवस तो बंद राहतो. पुढे हॉटेलात, घरच्यांच्या नकळत, पूर्वीइतकाच गोड सुरू होतो.

प्रश्न थोडक्यांचा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशातील सुमारे १० कोटी १० लाख व्यक्तींना मधुमेह आहे. आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख व्यक्ती त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

वस्तुतः यात चहाच्या पुडीचा दोष नाही. दुधाचाही बेताचाच. १०० मिलिलिटर दुधात साडेचार ते पाच ग्रॅम दुग्धशर्करा असते. कपभर चहात निम्मे दूध धरले तरी ती अडीच ग्रॅमच्या आसपास भरते आणि रक्तात सावकाश उतरते. म्हशीच्या दुधात स्निग्धांश मात्र गाईच्या दुधाच्या सुमारे दुप्पट असल्याने, वजन वाढलेल्यांनी साय काढलेले दूध वापरणे बरे. खरी भर पडते ती साखरेची. एका चमच्यात ४ ते ५ ग्रॅम साखर मावते. दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे दिवसाला सुमारे ४० ग्रॅम. वर्षाला साडेचौदा किलो! जागतिक आरोग्य संघटनेने निरोगी प्रौढासही वरून घातलेल्या साखरेची मर्यादा दिवसाला सुमारे ५० ग्रॅम, आणि शक्यतो २५ ग्रॅम, सांगितली आहे.

अलीकडे गावोगावी गुळाच्या चहाच्या पाट्या लागल्या आहेत. गूळ झाला तरी तो उसाच्याच रसाचा. रक्तशर्करेच्या दृष्टीने त्याला साखरेहून वेगळे मानता येत नाही. गुळातील लोहाचे कौतुक केले जाते, तथापि चहातील टॅनिन लोहाच्या शोषणास अडथळाच आणते. खारी आणि टोस्ट यांचेही तसेच. खारी गोड लागत नाही म्हणून ती चालते, हा समज चुकीचा आहे. तिच्यातील मैद्याचीही शेवटी शर्कराच होते.

घरी साखर कमी करणे सोपे असते. दर पंधरवड्यास अर्धा चमचा कमी केला तर जिभेला सवय होते. अडचण येते ती कार्यालयात. किटलीतील चहात साखर आधीच उकळलेली असते. यंत्राच्या चहाची तयार पूडही बहुधा साखरमिश्रितच असते. तेव्हा बिनसाखरेचा चहा करवून साखरेचे भांडे शेजारी ठेवावे, असा निर्णय सरपंचांनी वा मुख्याध्यापकांनी घेतला तर त्यास ना ठराव लागतो ना तरतूद. आणि एकट्या मधुमेही सदस्यास सर्वांदेखत वेगळा कप मागण्याचा संकोचही उरत नाही.

साखरेचे ते भांडे आणखी एका कारणासाठी हाताशी हवे. इन्सुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांची रक्तशर्करा कधी ७० मिलिग्रॅमच्या खाली उतरते. हातास कंप सुटतो, घाम फुटतो, भ्रमल्यासारखे होते. अशा वेळी दुधाच्या चहाची वाट पाहू नये; तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी व १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडावाटे काहीही न देता त्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

तीस वर्षांवरील व्यक्तींची मधुमेहासाठी प्राथमिक तपासणी आरोग्य उपकेंद्रांत, म्हणजेच आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरांत, केली जाते. उपाशीपोटी रक्त द्यावयाचे असेल तर त्यापूर्वी किमान आठ तास पाण्याखेरीज काहीही घेऊ नये. पहाटेचा बिनसाखरेचा चहाही यात वर्ज्य आहे. तो घेतला गेला असल्यास तसे परिचारिकेस आधी सांगावे, म्हणजे तपासणीसाठी दुसरा दिवस देता येतो.