जस्ताची उणीव आणि तिची पारख

इराणमधील शिराझ येथे १९५८ साली एक रुग्ण उपचारांसाठी आला. त्याचे वय २१ वर्षांचे, परंतु शरीरयष्टी जेमतेम दहा वर्षांच्या मुलाची होती. तीव्र रक्तक्षयाने तो ग्रासला होता. न आंबविलेल्या कणकेची रोटी हेच त्याचे मुख्य अन्न. शिवाय माती खाण्याची सवय. बिहारमधील बक्सर येथे जन्मलेले डॉक्टर आनंद प्रसाद त्या वेळी तेथे काम करीत होते. लोहाच्या अभावाने रक्तक्षयाचा उलगडा होत होता, खुंटलेल्या वाढीचा मात्र होत नव्हता. तिचे कारण जस्ताची उणीव असावे, असा तर्क प्रसाद यांनी केला. पुढे इजिप्तमधील अशाच रुग्णांच्या अभ्यासाने त्यास १९६३ साली पुष्टी मिळाली. असे रुग्ण बहुधा पंचविशीपूर्वीच संसर्गाने दगावत, ही त्यांची नोंद विशेष अर्थपूर्ण होय.

प्रौढ मनुष्याच्या शरीरात जस्त अवघे दोन-तीन ग्रॅम असते. पण त्यावाचून पेशींचे विभाजन नीट होत नाही. रोगजंतू शिरताच रक्तातील पांढऱ्या पेशींना झपाट्याने वाढावे लागते, आणि जस्त कमी पडल्यास येथेच अडते. या पेशींपैकी काही ज्या थायमस ग्रंथीत परिपक्व होतात, ती ग्रंथीही आकसते. आतड्याचे अस्तर दुबळे होऊन बालकास अतिसार जडतो आणि अतिसारातून उरलेसुरले जस्तही वाहून जाते. म्हणूनच अतिसार झालेल्या बालकांस क्षारसंजीवनीबरोबर १० ते १४ दिवस जस्त द्यावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी २००४ साली केली.

ही उणीव ओळखावी कशी? रक्त तपासले की झाले, असे सहज वाटते. तथापि शरीरातील जस्ताचा सुमारे हजारावा हिस्साच रक्तरसात असतो. जेवणानंतर तो घटतो, आणि ताप वा संसर्ग असता जस्त यकृताकडे ओढले गेल्यामुळेही घटतो. तेव्हा तापाने फणफणलेल्या एखाद्या मुलाचा आकडा कमी आला, एवढ्यावरून निदान करणे उतावीळपणाचे ठरेल. मोठ्या समूहाच्या पाहणीत मात्र हीच तपासणी उपयोगी पडते. भारतात २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १ ते ४ वर्षांच्या १९ टक्के बालकांत, तर १० ते १९ वर्षांच्या ३२ टक्के मुलामुलींत जस्ताची उणीव आढळली. सर्वांचे लक्ष तान्ह्यांकडे असते. वाढीच्या वयातील मुले दुर्लक्षितच राहतात.

व्यक्तीची पारख करताना म्हणून आधी ताट पाहावे. धान्ये व कडधान्ये यांतील फायटेट हा पदार्थ जस्ताला बांधून ठेवतो आणि ते आतड्यात शोषले जात नाही. मांस, मासे, अंडी, दूध ज्यांना क्वचितच मिळते, त्यांना धोका अधिक. गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या माता, वृद्ध, वारंवार अतिसार होणारी बालके आणि आतड्याचे जुनाट विकार असलेले रुग्ण यांचीही चौकशी अगत्याने करावी. पाच वर्षांखालील मुलांपैकी वीस टक्क्यांहून अधिक मुले वयाच्या मानाने खुजी असतील, तर त्या समाजात जस्ताची उणीव असण्याचा संभव मोठा मानतात.

धान्य भिजविणे, मोड आणणे, पीठ आंबविणे यांनी फायटेट कमी होते. गोळ्या मात्र वैद्यकीय सल्ल्यानेच घ्याव्यात. दीर्घकाळ अधिक जस्त घेतल्यास शरीराला तांबे मिळेनासे होते आणि त्यातून रक्तक्षय उद्भवतो.