वर्गातील पडदा आणि आकाशातील चंद्र

१९२४ साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या कार्यात परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी वसतिगृहे आणि वाचनालये यांना महत्त्वाचे स्थान दिले. ज्ञानाची साधने ज्यांच्यापासून पिढ्यान्‌पिढ्या दूर ठेवली गेली, त्यांच्या हाती ती पोहोचवणे हा त्यामागील हेतू होता. आज संगणक आणि डिजिटल फळा हीदेखील ज्ञानाचीच साधने आहेत. म्हणून ‘वर्गात तंत्रज्ञान असावे की नसावे’ हा आपल्यापुढील प्रश्न नव्हे. ते कशासाठी आणि किती असावे, हा खरा प्रश्न आहे.

लाभ उघड आहेत. २०१७ साली सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या शासकीय मंचामुळे पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडवरून पाठाशी संबंधित चित्रफिती पाहता येतात. प्रयोगशाळेत न दिसणारे हृदयाचे आकुंचन-प्रसरण पडद्यावर दिसते. अंध विद्यार्थ्याला पुस्तक ऐकता येते. २०२० च्या टाळेबंदीत शिक्षण भ्रमणध्वनीवर आले, तेव्हा ज्या घरांत तो नव्हता त्या घरांतील मुलांसाठी शाळाच बंद झाली. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या पालकांच्या मुलांना ही साधने निवासी शाळेने द्यायची नाहीत, तर कोणी द्यायची?

तथापि लाभाबरोबर हानीही येते. तिचे स्वरूप समजण्यासाठी आपण चंद्रकलांचा पाठ घेऊ. पडद्यावर अमावास्या ते पौर्णिमा हा प्रवास अर्ध्या मिनिटात पुरा होतो. मुले आनंदतात, ‘समजले’ म्हणतात. दुसऱ्या दिवशी ‘पौर्णिमेचा चंद्र कोणत्या वेळी उगवतो?’ असे विचारले, तर वर्ग गप्प होतो. मुलांनी पाहिलेले असते, परंतु निरखलेले नसते.

बौद्ध परंपरेत प्रज्ञेचे तीन प्रकार सांगितले आहेत: श्रुतमय, चिंतनमय आणि भावनामय. ऐकून मिळालेली, विचाराने पारखलेली आणि स्वतःच्या अभ्यासातून, अनुभवातून उतरलेली. पडदा पहिली प्रज्ञा भरभरून देतो. दुसरी आणि तिसरी मात्र विद्यार्थ्यालाच मिळवावी लागते. शिवाय तयार उत्तर क्षणात हाती येऊ लागले, की ती मिळवण्याची सवयच सुटते. तंत्रज्ञानाची खरी हानी डोळ्यांच्या थकव्याहून मोठी आहे, ती ही.

मग तोच पाठ कसा घ्यावा? प्रथम पडद्यावर चंद्राची गती दाखवावी. नंतर पडदा बंद करून प्रश्न मांडावा, ‘प्रत्येक पौर्णिमेला चंद्रग्रहण का होत नाही?’ मुलांना चेंडू आणि विजेरी घेऊन झगडू द्यावे. चंद्राची कक्षा सुमारे पाच अंशांनी कललेली आहे, या उत्तरापर्यंत ती पोहोचली तर उत्तम. न पोहोचली, तरी प्रश्न त्यांचा झालेला असतो. शेवटी सुमारे साडेएकोणतीस दिवसांच्या एका चांद्रमासात, जेव्हा चंद्र दिसेल तेव्हा, त्याची वेळ आणि आकार वहीत नोंदवावा. चंद्रोदय दररोज सरासरी पन्नास मिनिटांनी लांबतो आणि पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, हे मग कोणी सांगावे लागत नाही. निवासी शाळेचे भाग्य असे की, आपली मुले रात्रीही एकत्र असतात आणि पौर्णिमेचा उपोसथ त्यांच्या परिचयाचा असतो.

भगवान बुद्धांनी केसपुत्त येथे कालामांना केलेला उपदेश येथे मार्गदर्शक ठरतो. परंपरेने आले, ग्रंथात आहे किंवा गुरूंनी सांगितले एवढ्यावरून काही स्वीकारू नये, असा त्याचा आशय आहे. त्यात आजच्या शिक्षकाने एवढीच भर घालावी: पडद्यावर दिसले म्हणूनही स्वीकारू नये.

माजी विद्यार्थी शाळेला संगणक, डिजिटल फळे देऊ इच्छितात, त्यांचे आम्ही कृतज्ञतापूर्वक स्वागत करतो. त्यांना विनंती एवढीच की, साधनासोबत वर्षातील एक दिवसही द्यावा आणि मुलांशेजारी बसून त्यांचे प्रश्न ऐकावेत. पालकांनीही सुट्टीत घरी आलेल्या मुलाला ‘काय शिकलास?’ एवढे विचारून थांबू नये. ‘हे कशावरून?’ असेही विचारावे. त्यासाठी आईवडिलांना अक्षरओळख असण्याची गरज नाही. हा प्रश्न ज्या घरात विचारला जातो, त्या घरातील मूल यंत्राचे स्वामी होते, दास होत नाही.

सर्वांचे मंगल होवो!