मोठे बाळ आणि मातेची चिंता

जन्मतः ४ किलोग्रॅमहून अधिक भरणाऱ्या बाळास सामान्यतः मोठे बाळ म्हणतात. अशी बहुतेक बाळे नैसर्गिक मार्गानेच सुखरूप जन्मतात. शिवाय सोनोग्राफीने वर्तविलेले वजन हा केवळ अंदाज असतो. त्यात १० ते १५ टक्क्यांची तफावत पडू शकते.

मातेस मधुमेह असल्यास मात्र अधिक दक्षता हवी. तिच्या रक्तातील जादा साखर वारेतून गर्भाकडे जाते. गर्भाचे स्वादुपिंड अधिक इन्शुलिन निर्माण करते आणि खांद्यांभोवती चरबी साठते. त्यामुळे डोके बाहेर आल्यावर खांदा अडकण्याचा संभव वाढतो. अशा वेळी जाणकार सुईण किंवा डॉक्टर मातेच्या मांड्या पोटाकडे दुमडतात. पुष्कळदा तेवढ्यानेच खांदा सुटतो. म्हणून गर्भारपणी साखरेची तपासणी आणि रुग्णालयातील प्रसूती हा या चिंतेवरील खरा उतारा होय.