शेवटची गोळी कधी घेतली?

हृदयाच्या ठोक्यांसाठी अ‍ॅब्लेशन करायचं ठरलं की हा प्रश्न हमखास येतो. आमच्या वडूजहून त्यासाठी पुण्याला जावं लागलं. आईची मेटोप्रोलॉल सांगितलेल्या दिवशी बंद केली होती, फाईल व्यवस्थित होती. पण आधीच्या डॉक्टरांच्या काही गोळ्या डब्यात उरल्या होत्या आणि धडधड वाढली की आई त्यातली एक घ्यायची. मेडिकलवाल्याने पट्टी कापून दिलेली. मागच्या चांदीवर नावाची शेवटची चार अक्षरं आणि २०० हा आकडा, एवढंच शिल्लक. ती अमिओडॅरोन निघाली. किती घेतल्या, केव्हा घेतल्या, कुणालाच सांगता येईना. तारीख पुढे गेली.

तेव्हा राग आला होता. डॉक्टरांनी समजावलं तेव्हा पटलं. या तपासणीत हृदयात तारा नेऊन धडधड मुद्दाम सुरू करतात. ती सुरू झाली तरच विजेची चुकार वाट सापडते आणि नेमकी तेवढीच जागा जाळता येते. औषधाचा अंमल असेल तर धडधड उठतच नाही. मेटोप्रोलॉल दोन-तीन दिवसांत शरीरातून जाते. अमिओडॅरोन नियमित घेतलेली असेल तर काही आठवडे, कधी महिनेही रेंगाळते. शिवाय तिच्यामुळे वॉरफरिन, अ‍ॅसिट्रोम यांसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा जोर वाढतो आणि डिगॉक्सिनचं रक्तातलं प्रमाणही.

म्हणून चिठ्ठीत काय लिहिलंय एवढ्यावर थांबू नका, पोटात काय गेलं ते लिहा. डिगॉक्सिन पुष्कळांना आठवड्यातून पाचच दिवस असते, तेही नोंदवा. आपण कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडतो, त्याच चौकटीत गोळीचं नाव, मिलीग्रॅम आणि वेळ लिहायला कितीसा वेळ लागतो? चुकलेली गोळी, जादा घेतलेली गोळी, शेजारणीने दिलेली गोळी, सगळं. लपवू नका, डॉक्टर रागावले तर रागावू देत. दुकानात पट्टी कापताना नाव आणि मुदतीची तारीख असलेला तुकडा मागून घ्या. दाखल होताना सगळ्या पट्ट्या, रिकाम्यासुद्धा, पिशवीत घालून न्या.

आणि कुठलीही गोळी आपल्या मनाने बंद करू नका. मेटोप्रोलॉलसारखी गोळी एकाएकी सोडली तर ठोके उसळतात, रक्त पातळ करणारी सोडली तर गुठळीचा धोका असतो. कोणती, कोणत्या तारखेपासून थांबवायची, हे हृदयाच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.