वेगाचा कारागीर

न्यूझीलंड हा देश मुख्यतः दोन मोठ्या बेटांचा बनलेला आहे. त्यांपैकी दक्षिणेकडील बेटाच्या अगदी खालच्या टोकाला इन्व्हरकार्गिल नावाचे शहर आहे. या शहरात २५ मार्च १८९९ रोजी हर्बर्ट मन्रो यांचा जन्म झाला. पुढे ते बर्ट या सुटसुटीत नावानेच सर्वत्र ओळखले जाऊ लागले. त्यांचे वडील शेतकरी होते. शेतीपलीकडच्या गोष्टींत त्यांना फारसा रस नव्हता. मुलाला मात्र लहानपणापासून वेगाचे वेड. घरातील सर्वांत चपळ घोड्यावर मांड ठोकून बर्ट शेतातून भरधाव सुटे आणि परत आल्यावर वडिलांची बोलणी खाई.

१९२० साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, बर्ट यांनी एक मोटारसायकल विकत घेतली. ती अमेरिकेतील एका कारखान्यात तयार झाली होती व तिचे नाव होते ‘इंडियन स्काउट’. तिच्या नावात ‘इंडियन’ हा शब्द असला, तरी तिचा भारताशी काही संबंध नव्हता. ही गाडी ताशी फार तर ५५ मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटर वेगाने धावू शके. त्या काळी हा वेग कोणालाही पुरेसा वाटला असता. बर्ट यांना तो पुरेसा वाटला नाही.

अधिक वेगाची नवी गाडी घ्यावी, तर पैसा नव्हता. तेव्हा आहे तीच गाडी वेगवान करावयाची, असे त्यांनी ठरविले व १९२६ सालापासून ते या कामाला लागले. पोटासाठी ते मोटारसायकली विकण्याचे व दुरुस्त करण्याचे काम करीत. दिवसाचे काम आटोपले, की रात्री स्वतःच्या गाडीचे काम सुरू होई.

मोटारसायकलीचे सारे बळ तिच्या इंजिनात असते. इंजिनात सिलिंडर नावाची एक भक्कम नळी असते. तिच्यात पेट्रोलची वाफ व हवा यांचे मिश्रण पेट घेते. त्या जळण्याने तापलेले वायू जोराने फैलावतात व सिलिंडरमधील दट्ट्याला खाली ढकलतात. दट्ट्याला जोडलेला दांडा हा धक्का एका फिरत्या दंडापर्यंत पोहोचवितो आणि शेवटी गाडीचे चाक फिरू लागते. एका मिनिटात ही क्रिया हजारो वेळा घडते. वेग वाढवावयाचा, तर धक्का अधिक जोराचा हवा. आणि तो सोसण्यासाठी इंजिनाचा प्रत्येक भाग अधिक बळकट व अधिक अचूक हवा. असे भाग बाजारात तयार मिळत नव्हते. म्हणून बर्ट यांनी ते स्वतःच्या हातांनी घडविले.

त्यांची साधने पाहिली, तर कोणालाही नवल वाटेल. धातू वितळवून तो जुन्या डब्यांत ओतावयाचा व त्यापासून दट्ट्या तयार करावयाचा, ही त्यांची ओतशाळा! सिलिंडरसाठी त्यांनी गॅसच्या जुन्या ओतीव लोखंडी नळाचा तुकडा वापरला. दट्ट्याला जोडणारे दांडे त्यांनी ट्रॅक्टरच्या जुन्या पोलादी आसातून घडविले. पोलादाचा तो जाडजूड तुकडा कानशीने थोडाथोडा घासून त्याला हवा तो आकार देण्यात रात्रींमागून रात्री जात. मापे घेण्यासाठी चाकाच्या एका जुन्या आरीपासून त्यांनी मोजण्याचे साधनही घरीच बनविले होते. वस्तू मोडीतील होत्या; पण मापात केसभरही चूक चालत नसे. दट्ट्या किंचित मोठा झाला, तर तो सिलिंडरमध्ये अडकून बसणार. किंचित लहान झाला, तर बाजूने वायू निसटून जोर वाया जाणार!

एवढी काळजी घेऊनही यश चटकन हाती आले नाही. आज बसविलेला भाग उद्या तडकावा, महिनोन्‌महिने घासून तयार केलेल्या दांड्याचे एका फेरीत तुकडे व्हावेत, असे कितीतरी वेळा घडले. बर्ट यांनी मोडलेले हे भाग फेकून दिले नाहीत. आपल्या खोलीतील फळ्यांवर त्यांनी ते मांडून ठेवले व तेथे ‘वेगाच्या देवाला अर्पण’ अशा अर्थाची अक्षरे रंगविली. कोणता भाग कोठे मोडला, हे पाहून पुढचा भाग कसा घडवावा, याचा ते विचार करीत. ती फळी म्हणजे त्यांच्या चुकांची वहीच होती. पुढे त्यांनी नोकरीही सोडली व एका लहानशा गॅरेजमध्येच बिऱ्हाड थाटले. एका बाजूला अंथरूण आणि दुसऱ्या बाजूला मोटारसायकल, असा तो संसार होता.

वर्षे लोटली, तसा गाडीचा वेग वाढत गेला. इन्व्हरकार्गिलजवळ ओरेटी नावाचा लांबच लांब, सपाट समुद्रकिनारा आहे. तेथील वाळूवर १९५७ साली बर्ट यांनी ताशी १३१ मैलांहून अधिक वेग गाठला. ज्या गाडीने पूर्वी ताशी ५५ मैलांवर दम टाकला होता, तिचेच हे नवे रूप होते.

तरीही बर्ट यांचे मन एका दूरच्या जागेकडे लागले होते. अमेरिकेतील युटा या राज्यात बॉनव्हिल नावाचे मिठाचे विस्तीर्ण मैदान आहे. पुरातन काळी तेथे एक मोठे सरोवर होते. ते आटून गेले व पांढऱ्या शुभ्र मिठाचा सपाट थर मागे राहिला. जगातील वेगाचे अनेक विक्रम या मैदानावर झाले आहेत. १९६२ साली बर्ट आपली जुनी गाडी घेऊन तेथे पोहोचले. त्यांचे वय त्रेसष्ट वर्षांचे होते. काही वर्षांपूर्वीपासून त्यांना हृदयविकाराचा त्रासही होऊ लागला होता. गाडीला बेचाळीस वर्षे झाली होती.

अशा शर्यतीत वारा हाच मोठा शत्रू असतो. गाडीचा वेग दुप्पट झाला, की हवेचा विरोध चौपट होतो. हा विरोध कमी व्हावा, म्हणून बर्ट यांनी गाडीभोवती माशासारखे निमुळते कवच बसविले होते. त्या कवचात पालथे पडून, हनुवटी खाली टेकवून त्यांनी गाडी सोडली आणि ताशी जवळजवळ १७९ मैल, म्हणजे २८८ किलोमीटर वेगाचा विक्रम केला. १९६६ साली त्यांनी अधिक मोठ्या इंजिनांच्या गटात आणखी एक विक्रम नोंदविला.

१९६७ साली ते पुन्हा मैदानात उतरले. त्या वर्षी एका फेरीत मोठे संकट ओढवले. भरवेगात असताना गाडी डगमगू लागली. वेग कमी व्हावा, म्हणून बर्ट अंग वर उचलून बसले. त्यासरशी वाऱ्याच्या झोताने त्यांचा चष्मा उडवून नेला व डोळ्यांपुढे अंधार झाला. मार्गाच्या खुणेसाठी रोवलेली एक पोलादी मेख अगदी थोडक्यात चुकली. अखेर त्यांनी गाडी मिठावर आडवी पाडली. सुदैवाने खरचटण्यापलीकडे फारशी इजा झाली नाही.

त्याच वर्षी २६ ऑगस्टला त्यांनी आपला सर्वांत मोठा विक्रम केला. असा विक्रम ठरविताना गाडी एकाच मार्गावरून दोनदा, विरुद्ध दिशांनी धावते व दोन्ही वेगांची सरासरी धरली जाते. एका फेरीत वारा पाठीशी असला, तर दुसऱ्या फेरीत तो तोंडावर येतो. त्यामुळे वाऱ्याचा फायदा कोणालाही मिळत नाही. त्या दिवशी सरासरी ताशी १८३.५८६ मैल अशी नोंद झाली. चालक अडुसष्ट वर्षांचा, गाडी सत्तेचाळीस वर्षांची आणि तिच्या पोटातील कितीतरी भाग घरी घडविलेले!

१९७७ साली बर्ट यांना पक्षाघाताचा झटका आला. ज्या हातांनी केसाएवढे फरक ओळखले होते, ते हात आता पूर्वीसारखे चालेनात. आपल्या गाड्या आपल्याच मुलखात राहाव्यात, या इच्छेने त्यांनी त्या गावातील एका व्यापाऱ्याला विकल्या. पुढच्याच वर्षी, ६ जानेवारी १९७८ रोजी, त्यांचे निधन झाले. २००५ साली त्यांच्या जीवनावर एक चित्रपट निघाला व त्यांचे नाव जगभर पोहोचले.

या कथेचा शेवट मात्र २०१४ साली झाला. १९६७ मधील त्या दोन फेऱ्यांचे वेग ताशी १८४.७१० व १८३.४६३ मैल असे होते. हे आकडे पाहताना बर्ट यांच्या मुलाच्या ध्यानात आले, की सरासरी काढताना तेव्हा चूक झाली होती. त्याने ती दाखवून दिली, नोंद सुधारण्यात आली आणि बर्ट यांचा विक्रम ताशी १८४.०८७ मैल ठरला. वाढ झाली ती ताशी जेमतेम अर्ध्या मैलाची. परंतु ज्या माणसाने केसभर फरकासाठी रात्री जागून काढल्या, त्याच्या कामाचे मापही अचूकच असावयास हवे होते.

अभ्यास

१. अधिक वेगाची नवी गाडी न घेता बर्ट यांनी जुनीच गाडी सुधारण्याचे का ठरविले?
२. बर्ट यांनी इंजिनाचे कोणकोणते भाग कोणत्या वस्तूंपासून घडविले, ते लिहा.
३. ‘ती फळी म्हणजे त्यांच्या चुकांची वहीच होती,’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
४. विक्रम ठरविताना गाडी विरुद्ध दिशांनी दोनदा का धावते?
५. पाठात दिलेल्या दोन वेगांची सरासरी स्वतः काढून पाहा व १९६७ सालच्या नोंदीत किती फरक पडला होता, ते शोधा.
६. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : मांड ठोकणे, बोलणी खाणे, बिऱ्हाड थाटणे, केसभर.