मुक्या सोबत्याचे दुखणे वेळीच ओळखा

आरोग्य फेरीत आम्ही ताप, बीपी, साखर विचारतो. एका घरी मात्र आमचे लक्ष उंबऱ्याशी पडलेल्या कुत्र्याकडे गेले. जबडा लोंबलेला, लाळ गळत होती, समोर पाणी असून गिळता येत नव्हते. "ताई, घशात हाड अडकलंय. सकाळी पोरानं हात घालून बघितलं," आई म्हणाली. पोराच्या बोटावर दाताचा ओरखडा होता. आम्ही तिथेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे हात धुतला आणि त्याला सरकारी दवाखान्यात नेले. लस आणि सीरम दोन्ही मिळाले. कुत्रा तिसऱ्या दिवशी मेला. मुलगा आज शाळेत जातो.

पाळलेला कुत्रा बोलत नाही, पण खुणा देतो. त्या घरातल्या प्रत्येकाला माहीत हव्यात.

रोज काय पाहावे?
खाणे, पाणी, लघवी, शी, चालणे. निरोगी कुत्र्याच्या हिरड्या गुलाबी असतात. हिरड्या काळ्या असतील तर डोळ्याची खालची पापणी आतून पाहा. कुत्र्याचे अंग आपल्यापेक्षा गरमच असते, १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. म्हणून नुसता हात लावून किंवा नाक कोरडे पाहून ताप ठरवू नका.

या खुणा दिसल्या तर त्याच दिवशी डॉक्टर
- पिल्लाला उलट्या, रक्ताची घाण वासाची हगवण: पार्व्हो असू शकतो. अंगातले पाणी संपून पिल्लू एक-दोन दिवसांत जाते.
- अंगावर गोचिडी, ताप, हिरड्या पांढरट, लघवी चहा-कॉफीसारखी: गोचीडताप.
- डोळे, हिरड्या पिवळ्या: कावीळ.
- माजावर येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी मादी खूप पाणी पिते, सुस्त पडते, पू जातो: गर्भाशयात पू झालेला असतो. कधी पू बाहेर येतही नाही.
- पोट अचानक फुगते, ओकारी येते पण काही पडत नाही: येथे तासांचा हिशेब आहे.
- पत्र्याच्या घरात दुपारी जोरात धापा, लाळ, तोल जाणे: उष्माघात. सावलीत न्या, साधे पाणी अंगावर ओता, वारा घाला आणि लगेच निघा.

कुत्र्यापासून दूर व्हा
स्वभाव एकदम बदलणे, अंधारात लपणे, विनाकारण चावणे, आवाज बदलणे, जबडा लोंबणे, गिळता न येणे: रेबीज समजूनच वागा. तोंडात हात घालू नका, मुलांना लांब ठेवा. चावा, ओरखडा किंवा जखमेवर लाळ लागली तर साबण-पाण्याने १५ मिनिटे धुवा. हळद, चुना, मिरची लावू नका. उताऱ्यात वेळ घालवू नका. रेबीजची लक्षणे माणसाला दिसू लागली की वाचवणे जवळपास अशक्य असते. त्याआधी लस वाचवते.

हे करू नका
आपल्या तापाच्या, अंगदुखीच्या गोळ्या कुत्र्याला देऊ नका. त्याने पोटात रक्तस्राव होऊ शकतो, यकृत-मूत्रपिंड निकामी होऊ शकते. उलटी चालू असताना जबरदस्तीने दूध पाजू नका.

खर्चाची भीती आम्हाला ठाऊक आहे. म्हणून आधी जवळचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना शोधून पत्ता भिंतीवर लिहून ठेवा. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस टोचा, पुढे डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. एका कुत्र्याची लस अख्ख्या गल्लीतल्या मुलांना राखते.